गिटारची किंमत, गिटारचे मोल

अकूस्टिक गिटार तिच्या किमतीला उतरते का, हा प्रश्न एरवी साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडायला मी कचरलो असतो. पण गेले काही महिने मी त्याच्याशी झटतो आहे, आणि जसजसा झटतो आहे तसतसा तो मला आपल्याच वर्गातला प्रश्न वाटू लागला आहे. मूल्य नेमके कशात असते: कृतीत, कर्त्याच्या हातात, की कर्त्याच्या नावाभोवती साठलेल्या आख्यायिकेत?

निमित्त अगदी व्यावहारिक होते. थकबाकीचे पैसे हाती आले होते आणि उतारवयात जडलेल्या या नादासाठी एक बरे वाद्य घ्यावे असे मनात होते. आपल्याकडे ४-५ हजारांत गिटार मिळते, २०-२५ हजारांत मिळते, आणि मार्टिन कंपनीची डी-२८ ही सुप्रसिद्ध गिटार घ्यायची तर ३ लाखांच्या पुढे जावे लागते. तिन्हींना सहा तारा, तिन्हींचा आकार जवळपास सारखा. मग हा फरक कशाचा?

त्याचा काही भाग तरी निव्वळ यंत्रशास्त्राचा आहे. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण असतो. हा ताण ज्या फळीवर येतो (सतारीच्या भाषेत तिला तबली म्हणू) ती जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची असते. ती जाड केली तर आवाज मुका होतो, पातळ केली तर घोडीपाशी फुगते. या दोन आपत्तींमधली वाट काढणे हेच गिटार घडवणाऱ्याचे खरे काम. तबलीच्या आतून फुलीच्या आकारात पट्ट्या बसवण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली ती यासाठीच. स्वस्त गिटारची तबली प्लायवूडची असते; ती पावसाळ्यात फुगत नाही, तडकत नाही, आणि मोकळेपणी थरथरतही नाही. अखंड स्प्रूसच्या तबलीचा आवाज निराळाच. ५ हजारांवरून २५ हजारांवर गेल्यावर जे पदरात पडते ते प्रामुख्याने हे, आणि ते माझ्या अशिक्षित कानांनाही ऐकू येते.

धुके सुरू होते ते यापुढे. दुकानातल्या मुलाला मी विनंती केली की मी पाठ फिरवून उभा राहतो, तू तिन्ही गिटारींवर तेच चार कॉर्ड वाजव. त्याला गंमत वाटली, पण त्याने मनापासून वाजवले. प्लायवूडची गिटार मी दर खेपेला ओळखली. उरलेल्या दोहोंत दहापैकी सहा वेळा बरोबर ठरलो, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा फार बरे नाही. मात्र तीच महागडी गिटार मांडीवर घेतली तेव्हा अंगठ्याखालची मान, फ्रेटच्या घासून गोल केलेल्या कडा, तारांची बोटाला मिळणारी साथ हे सारे वेगळे आहे याविषयी शंका उरली नाही. कानांना न पटलेले हातांनी मान्य केले.

विक्रेते मात्र हाताविषयी बोलत नाहीत, लाकडाविषयी बोलतात. पाठ आणि बाजू ब्राझिलियन रोजवूडच्या असतील तर तो स्वरच वेगळा, असे सांगितले जाते. ते झाड दुर्मीळ झाल्याने १९९२पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. मार्टिनने तर १९६९च्या सुमारासच भारतीय रोजवूड वापरायला सुरुवात केली होती. हे भारतीय रोजवूड म्हणजे आपले शिसव. ज्याच्या पाटावर आपले आजोबा जेवले आणि ज्याच्या झोपाळ्यावर दुपारी झोपले ते लाकूड अमेरिकेत जाऊन, गिटार होऊन, लाखांच्या किमतीने परत येते, ही गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही.

असो. लाकडाच्या या पुराणावर आक्षेप घेणारेही थेट गिटार घडवणारेच आहेत. स्पॅनिश गिटारला आजचे रूप देणाऱ्या आंतोनियो दे तोरेसने १८६२मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बांधली. आवाज तबलीचा असतो, हे त्याला दाखवायचे होते. ती बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. १९९५मध्ये अमेरिकेतल्या बॉब टेलर यांनी माल चढवायच्या फळकुटांच्या लाकडातून गिटार केली आणि ती चांगली वाजली. पुढे कंपनीने तिच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या, म्हणजे आख्यायिका मोडायला निघालेल्या गिटारचीच आख्यायिका झाली! २०१८मध्ये इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एक रीतसर प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कारागिराने सहा सारख्या गिटारी बांधल्या, फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगवेगळे. ५२ वादकांनी मंद उजेडात, काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. सहाही गिटारींना जवळपास सारखेच गुण पडले.

इथे मला आय. ए. रिचर्ड्स आठवतो, आणि वाचकांनाही आठवला असेल. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता द्यायच्या आणि त्यांचे अभिप्राय गोळा करायचे, हा त्याचा उद्योग १९२९च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये आला. हॉपकिन्स आणि लॉरेन्स यांच्या कविता बहुसंख्यांनी झिडकारल्या. त्यावरून आपण असा निष्कर्ष काढला नाही की साऱ्या कविता सारख्याच. आपण म्हटले, वाचक कच्चा आहे, त्याला शिकवले पाहिजे. आणि त्या शिकवण्यावर आपल्यापैकी कित्येकांची पोटे आजवर भरली. मग डोळे झाकलेल्या वादकाला फरक कळला नाही की आपण लगेच लाकूड खोटे का ठरवतो?

मला वाटते, दोन्ही प्रयोगांत झाकलेली गोष्ट वेगळी आहे. रिचर्ड्सच्या वर्गात नाव झाकले होते, पण कवितेमागचा हात दर खेपेला निराळा होता. लँकेस्टरमध्ये हात एकच होता आणि बदलले होते ते फक्त लाकूड. म्हणून तो प्रयोग दुर्मीळ लाकडाच्या किमतीविरुद्ध ठाम साक्ष देतो, कारागिरीच्या किमतीविरुद्ध एक अक्षरही बोलत नाही. महागड्या गिटारच्या बचावासाठी तो पुढे करता येत नाही, तसाच सरसकट तिची टर उडवायलाही वापरता येत नाही. नावाच्या किमतीचा तर वेगळाच हिशेब. कर्ट कोबेनने १९९३मध्ये दूरदर्शनवरच्या एका मैफलीत वाजवलेली मार्टिन २०२०च्या लिलावात ६० लाख डॉलरला गेली. हस्तलिखिताला येणारी किंमत ही कवितेची किंमत नव्हे, हे आपण जाणतोच.

मी २४ हजारांची, अखंड तबलीची गिटार घेतली. हाताला जाणवलेला फरक खरा होता, पण माझ्या बोटांना अजून त्याचे भाडे भरता येत नाही.

उरलेल्या पैशांतला थोडा भाग कुठे गेला तेही सांगतो. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागात स्वस्तातल्या पाच गिटारी आहेत आणि दरवर्षी उत्साहाने आलेली मुले महिन्याभरात गळतात. मी पट्टी लावून पाहिले: बाराव्या फ्रेटपाशी तारा ४ मिलिमीटरहून उंच. तिथे अडीचच्या आसपास पुरतात. एका कारागिराला बोलावले. त्याने मानेतली सळई फिरवून मान सरळ केली, घोडीवरची पट्टी घासली, नटच्या खाचा खोल केल्या. पाच गिटारींचे मिळून एका पाठ्यपुस्तक-संचाइतके पैसे झाले. कारखान्याने हे अर्ध्या तासाचे काम वाचवले होते, आणि वर्षानुवर्षे मुलांना वाटत होते की आपल्या बोटांतच काही कमी आहे.

द्वितीय वर्षाच्या एका मुलीने गेल्या आठवड्यात एफचा कॉर्ड सहाही तारांवर स्वच्छ वाजवून दाखवला. मग तिने विचारले, ''सर, चांगली गिटार केवढ्याला येते?''