वीतभर खाली

दिवाळीनंतर मी बिनदांड्याच्या सायकलवर आलो. उजव्या गुडघ्याने टांग टाकायला साफ नकार दिला, तेव्हा चोवीस इंची काळी ॲटलस जिन्याखाली गेली आणि बुटक्या चाकांची, पुढे टोपली असलेली सायकल दारात आली. आमच्या लहानपणी गिरगावात हिला लेडीज सायकल म्हणत आणि तिच्यावर बसलेल्या पुरुषाला जे म्हणत ते छापण्याजोगं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. आयुष्यभर लग्नाचे फोटो काढून पोट भरलेल्या माणसाला लाज फार परवडत नाही. खटकलं ते निराळंच. ठाकूरद्वारहून लालबागपर्यंत नेहमीची रविवारची चक्कर मारून आलो, फोटो पडद्यावर घेतले, तर एकही माझा वाटेना. रस्ते तेच, उजेड तोच, लेन्स तीच. नजर मात्र वीतभर खाली आलेली.

ॲटलसवर मी उभ्या माणसापेक्षा चांगला चार-सहा बोटं उंच असायचो. मुळात बेताच्या उंचीचा, त्यामुळे ही चार बोटं मला फार प्यारी होती. आता सीट दोन्ही पाय टेकतील इतकी खाली, म्हणजे उभ्या माणसाच्याही किंचित खालीच. एवढ्याने काय बिघडतं असं ज्याला वाटतं त्याने पहाटे दादरच्या फुलबाजारात जावं. जुन्या सीटवरून टोपल्यांच्या आत दिसायचं: जवळ झेंडू, त्यामागे शेवंती, त्यामागे आंब्याच्या डहाळ्या, आणि मग घासाघीस करणारे चेहरे. असे थर लागायचे. नव्या सीटवरून टोपल्यांचे काठ दिसतात, पाठी दिसतात आणि पिशव्या धरलेले हात. हातांचे फोटो चांगले येतात हे कबूल. पण मला हात नको होते.

उंचीचं हे गाऱ्हाणं तरी सांगता येतं. खरं दुखणं जुनं आहे आणि ते दोन्ही सायकलींवर सारखंच: सायकलवरून जे दिसतं ते उतरल्यावर नसतं.

मी ताशी बारा किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटर. काही दिसलं, ब्रेक दाबला, पाय टेकला, की दोन सेकंद गेले आणि सहा-सात मीटरही गेले. गेले तर गेले, चालत मागे जावं. मी जातो. नेमक्या त्याच जागी उभा राहतो. ॲटलसच्या दिवसांत डोळे सीटवरच्या उंचीला यावेत म्हणून फुटपाथच्या कडेवर चढून टाचा उचलायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा बस शोधतोय. आणि समोर काहीच नसतं.

करी रोडच्या पुलावर चढताना एके ठिकाणी जुन्या गिरणीची चिमणी आणि अलीकडचा काचेचा टॉवर एका नजरेत येतात. पायडल मारत असलो की कठडा भर्रकन मागे पळतो, टॉवर सावकाश मागे सरतो, त्यामागची चिमणी जवळजवळ जागची हलत नाही. त्यामुळे टॉवर हळूहळू चिमणीच्या अंगावर येतो आणि तिला गिळतो. क्षणभर फक्त काच. मग दुसऱ्या कडेने चिमणी पुन्हा बाहेर येते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावाचं काय झालं यावर पुस्तकं आहेत, नाटकं आहेत. मला ते सगळं त्या चार-पाच सेकंदांत दिसतं. उतरून उभं राहिलं की एक टॉवर आणि एक चिमणी, शेजारी शेजारी, बिल्डरच्या कॅलेंडरवर शोभतील अशी.

म्हणजे मी जे पाहतो ती वस्तू नसतेच, ते वस्तूंचं एकमेकींवरून सरकणं असतं. कॅमेरा नेमकं तेवढंच काढून घेतो. यावर जे जे करता येतं ते केलं. न उतरता एका हाताने, कॅमेरा छातीशी धरून, अंतर आधीच दोन मीटरला बांधून काढलं. क्षितिज वाकडं आणि पुढच्या गाडीवाल्याच्या शिव्या. पंधराच्या शटरला, चालत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत, पॅनिंग केलं. पॅनिंगचे फोटो लोकांना आवडतात, मला मात्र त्यात वेग दिसतो, सरकणं दिसत नाही. बाजूच्या मोटारसायकलवाल्याची घाई माझ्या फोटोत कशाला? तीन फोटो शेजारी लावले, तर ते सिनेमाच्या तुकड्यासारखे वाटले आणि प्रत्येक जण विचारू लागला, चौथा कुठाय?

त्यात आता करी रोडचा तो पूलही गेल्यातच जमा. म्हणजे पूल आहे, चढण आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि त्याची गर्दी इकडे वळली. रविवारी सकाळीही गाड्यांच्या मागे एक पाय टेकत टेकत चढावं लागतं. त्या गतीला टॉवर सरकत नाही. तो नुसता उभा राहतो.

गिरगावात उलटं झालं. मेट्रोचे पत्रे जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर इतकी वर्षं होते की रस्त्याला दुसरी बाजू आहे हे पोरांना ऐकूनच माहीत. पत्र्यासमोरून सायकल कितीही चालवा, काही सरकत नाही, कारण मागे काही नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन गिरगावातून धावू लागली. पत्रे हटले तसे गॅलरीचे कठडे, वाळत घातलेले कपडे, बोळांची तोंडं, सगळं पुन्हा एकमेकांच्या मागेपुढे होऊ लागलं. अधल्यामधल्या काही इमारती तेवढ्या नव्हत्या. मी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. तीन वेळा धोबी तलावापर्यंत जाऊन आलो.

सायकल आणि कॅमेरा ही जोडी या शहराला नवी नाही. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे पारशी तरुण साथीदारांसह ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सायकलने जगाच्या फेरीला निघाले आणि हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. त्यांचे जे फोटो मी पाहिलेत त्यांत ते सायकल धरून उभे आहेत. जवळजवळ साडेचार वर्षं सायकलवर, आणि फोटोत सायकल उभी! छायाचित्रकार होमाई व्यारावाला आपल्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि साडी नेसून, सायकलवर कॅमेरा घेऊन कामं करत फिरल्या. पुढे मोटार घेतली, तिचा नंबर डीएलडी १३, म्हणून ‘डालडा १३’ हे नाव पडलं. त्यांच्या फोटोंपुढे मी काय बोलणार? पण ते सायकलने पोचून काढलेले आहेत, सायकलवरून दिसलेले नाहीत. मोठ्यांनीही हा प्रश्न सोडवलेला नाही, याचा मला जो आनंद होतो तो काही फार चांगला नाही.

बाकी हल्लीच्यांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. मरीन ड्राइव्हवर पहाटे कार्बनच्या सायकली घेऊन तंग कपड्यांतली मंडळी येतात. ती चाळीस किलोमीटर जातात आणि फोटो काढतात तो स्वतःच्या सायकलचा, समुद्राच्या भिंतीला टेकवून. लालबाग-परळला गणपतीच्या आगमनाला तर मूर्तीपेक्षा कॅमेरे जास्त. सगळे हात वर करून एकच फोटो काढतात आणि रात्रीपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर सगळ्यांकडून येतो. उन्हाळ्यात लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांच्या ढिगाशी वाकलेले पोरगे बघावेत. तांबडा रंग भडक करून टाकतात. तिथली खरी गोष्ट नाकाला समजते. भाजलेल्या मिरचीचा खकाणा उठतो, गिऱ्हाइकं ठसकतात, कुटणाऱ्या बाईच्या तोंडावर पदर असतो आणि ती ठसकत नाही. हे सायकलवरून दिसतं, कारण मी न थांबता जातो म्हणून ती माझ्याकडे पाहत नाही. थांबलो की ती पदर सारखा करते.

मीही काही साधू नाही. माझ्या बऱ्याच फोटोंत खालच्या कोपऱ्यात हँडलचा तुकडा किंवा चाकाची सावली असते. लोक म्हणतात, काय सहज आलंय! सहज काही नसतं. ती सावली मी बसवतो. हा माणूस साठी उलटल्यावरही सायकलवर होता, हे बघणाऱ्याला कळावं म्हणून बसवतो. बिनदांड्याची सायकल आल्यापासून मात्र सावलीत टोपली येते. ती मी कापतो.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी गेल्या वर्षापासून माझ्याबरोबर येते. कॉलेजात आहे. छातीवर पट्ट्याने कॅमेरा बांधते, गिरगावात सुरू करते, लालबागला बंद करते. मी तिला म्हणालो, ‘‘अगं, हे फोटो काढणं नव्हे. ही नळाखाली बादली लावणं झालं.’’

ती म्हणाली, ‘‘काका, तुम्हाला सरकणं हवंय ना? यात सगळं सरकतंय.’’

सरकतं हे खरं. पण व्हिडिओत ते सरकतं आणि निघूनही जातं. मला ते सरकताना थांबलेलं हवं आहे. हे वाक्य मी तिला ऐकवलं तेव्हा तिने ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून ते मला स्वतःलाच किती समजलं आहे याची शंका आली.

गेल्या महिन्यात तिने एक फोटो दाखवला. चिंचपोकळीच्या पुलावरचा, व्हिडिओतून उचललेली एक फ्रेम. पुढे पुसट कठडा, मधे पाठमोरा हमाल, डोक्यावर आरसा. आरशात चाळीची गॅलरी, आणि आरशाच्या कडेबाहेर त्याच जागी, जिथे चाळ असायला हवी, तिथे बांधकामाची हिरवी जाळी. कठडा, आरसा, जाळी, तिन्ही वेगवेगळ्या वेगाने निघालेली आणि ऐन वाटेत गाठलेली. उतरून हा फोटो मिळाला नसता. मी शेजारून चाललो होतो, मला तो हमालसुद्धा आठवत नाही.

मी म्हणालो, क्षितिज वाकडं आहे. होतंच वाकडं. कडा मऊ आहेत म्हणालो, त्याही होत्या. मग फ्रेम उचलणं आणि फोटो काढणं यातला फरक मी बराच वेळ समजावला, आणि तिने बिचारीने ऐकून घेतला. फोटो चांगला आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगीन. आधी मला तसा एक मिळू दे.