जुनं रान ओळखायचं कसं?

आम्ही कृष्णाकाठची माणसं. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठचं उंबर, नाहीतर पारावरचा पिंपळ. बाकी नजर जाईल तिथवर ऊस, आणि तासगावकडं सरकलं की द्राक्षांचे मांडव. रान म्हणून मला माहीत होतं ते एकच, सागरेश्वर. धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून बोडक्या डोंगरावर उभं राहिलेलं हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं, कुंपण घातलेलं. पण आत सांबर, चितळ, काळवीट असं सगळं बघायला मिळतं. शाळेची सहल तिथंच जायची. त्यामुळं रान माणसानं लावायचं असतं, अशीच माझी समजूत.

साताऱ्याला आमच्या नात्यातले एक निवृत्त गुरुजी आहेत. हायस्कुलात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. मध्यंतरी ते लेकीकडं इंग्लंडला राहून आले आणि तिथल्या जुन्या रानांच्या गोष्टी सांगू लागले. तिकडं १६०० सालापासून आजपर्यंत ज्या जमिनीवर झाडी सलग टिकून आहे, तिलाच प्राचीन रान म्हणतात. जुने नकाशे आणि दप्तरं धुंडाळून ते ठरवतात. जमिनीवर उगवणारी काही ठरावीक फुलंही साक्षीला घेतात. "आपल्याकडंही आहे की तसलं," गुरुजी म्हणाले. "येतोस का बघायला?"

मी लगेच निघालो. डोळ्यांसमोर चित्र तयार होतं. दोघांच्या कवेत न मावणारे बुंधे, मान मोडेल एवढे उंच शेंडे, आणि नशीब असेल तर वाघ.

सातारा सोडून यवतेश्वरचा घाट चढलो, कास मागं टाकलं. हिवाळा होता, पठारावर फुलांचा मागमूस नव्हता. पुढं घाटाई देवीची राई लागली. बाहेरून दिसला तो नुसता काळपट हिरवा पट्टा. आत पाऊल टाकलं आणि अंगावरचं ऊन एकदम गेलं. थंडी वाजायला लागली. डोळे सरावल्यावर वर बघितलं, तर झाडं कुठं उंच आहेत? आमच्या गावातल्या दुमजली वाड्याच्या थोडीशी वर जातील एवढीच. बुंधे वाकडेतिकडे, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या.

"गुरुजी, ही झाडं तर लहानच आहेत की."

"लहान नाहीत, बुटकी आहेत," गुरुजी म्हणाले. "दोन्हींत फरक आहे."

मग त्यांचा तास सुरू झाला. महाबळेश्वरपासून कोयनेपर्यंतच्या या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस कोसळतो. आमच्या आटपाडी-जतला पाचशेच्या आसपास पडला तरी आम्ही देव पाण्यातून काढतो. पण इथलं हे सगळं पाणी चार महिन्यांत येतं आणि वाहून जातं. उरलेले आठ महिने कोरडेच. खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि कोकणातून वर चढणारा वारा. अशा जागी उंच वाढणारं झाड टिकत नाही. म्हणून इथं अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांचं राज्य. पानं जाड, चिवट, बारमाही हिरवी, आणि वाढ अगदी सावकाश. मनगटाएवढ्या जाडीचं अंजनीचं खोड माझ्या वयाचं असू शकतं, हे ऐकून मी त्याच्यावर टेकवलेला हात काढून घेतला.

"वर काय बघतोस? खाली बघ," गुरुजी म्हणाले.

खाली बघण्यासारखं काय असणार? पालापाचोळाच. पण त्यात बोट खुपसलं तर ते थेट आत गेलं. वरची पानं कोरडी, त्याखालची ओलसर, आणखी खाली पान कुठं संपतं आणि माती कुठं सुरू होते तेच कळेना. आमच्या रानात ढेकूळ फोडायला कुदळ लागते. शेजारी एक खोड आडवं पडून कुजत होतं, त्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या आणि फटीतून जांभळाची दोन रोपं वर आली होती. एवढं लाकूड आमच्याकडं संध्याकाळपर्यंत चुलीशी पोचलं असतं. इथं ते कुणी उचललं नव्हतं. देवराईत कोयता लावायचा नाही, पडलेली काटकीही घरी न्यायची नाही, लागलं तर देवळापुरतं लाकूड घ्यायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या, तेव्हा अभ्यासकांचं या रिवाजाकडं लक्ष गेलं. गावकऱ्यांना तो ठाऊक होताच.

दुसरा मुक्काम वासोटा किल्ल्याचा. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढली, पिशव्यांतलं प्लास्टिक दाखवलं आणि लाँचमध्ये बसलो. तास-दीड तास कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी कापल्यावर पलीकडचं रान जवळ आलं. हे जावळीचं खोरं. १६५६ साली शिवाजी महाराजांनी ते चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलं, आणि तेव्हाही त्याची ख्याती निबिड अरण्य म्हणूनच होती. मी मनात हिशेब मांडला. इंग्लंडातली १६००ची अट असली तर आपलं खोरंही फार मागं नाही. म्हणजे समोर दिसतंय ते सगळं जुनं रान!

हा हिशेब वाटाड्या मामांनी अर्ध्या तासात मोडला. चढाला एक डेरेदार झाडी लागली. मी म्हटलं, "मामा, हे किती जुनं असंल?"

"हे व्हय? हितं माझ्या आज्याची नाचणी हुती," मामा म्हणाले.

मग त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. पाचोळ्याखाली दगडांची सरळ ओळ, ती शेताची ताल. पुढं चौकोनी चौथरा, ते घराचं जोतं. एकाच बुडख्यातून पाच-सहा खोडं फुटलेली झाडं दिसली, ती पूर्वी कोळशासाठी तोडलेली. बुडखा जुना, वरची खोडं मागाहून आलेली. गुरुजींनी लगेच जोड दिली, की इंग्लंडातल्या जुन्या रानांतही लोक झाडं बुडाशी छाटत आणि फुटव्यांचं लाकूड वापरत. त्यामुळं माणसाचा हात लागला म्हणून रान बाद होत नाही, जमीन नांगरली की मात्र धागा तुटतो.

मी पुरता गोंधळलो. एका वाटेवर, हाकेच्या अंतरात, नाचणीच्या वावरावर उगवलेलं तरुण रान आणि कधीच न नांगरलेलं जुनं रान शेजारी शेजारी उभं होतं. दोन्ही हिरवी, दोन्ही दाट. शेवटी मामांनीच खुणा सांगितल्या. मांडीएवढ्या जाड वेली झाडांवर चढलेल्या दिसल्या तर रान जुनं. खोडांवर शेवाळ आणि आमरी चिकटलेल्या असल्या तर जुनं. खाली त्याच झाडांची लहान-मोठी रोपं असली तर जुनं. आणि शेकरू जमिनीवर न उतरता या झाडावरून त्या झाडावर लांबवर जात असलं, तर वरचं छत कुठं तुटलेलं नाही असं समजायचं. उलट करवंदीच्या जाळ्या, कारवी आणि उन्हाचे मोठे तुकडे दिसू लागले की तिथं पूर्वी काहीतरी मोकळं होतं. त्यानंतर मी प्रत्येक वळणावर "जुनं? नवं?" असं विचारत राहिलो. बरीचशी उत्तरं चुकली. मामा हसायचे आणि पुढं चालू लागायचे.

गडावरून कोकणात कोसळणारे कडे बघितले, फोटो काढले. वाघ दिसला नाही. मला मात्र ती जोती विसरता येईनात. कोयनेच्या धरणानं खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. पुढं १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरलाय. २०१२ साली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. रान राखायला हे सगळं हवंच होतं. पण ज्या लोकांनी देवाच्या नावानं राया सांभाळल्या, त्यांच्यातल्याच कित्येकांची गावं या रानाखातर आणि धरणाखातर उठली, ही गोष्ट कुठल्याही माहितीफलकावर मला दिसली नाही. ती लिहायला हवी.

आता माझ्यासारख्या नवख्यांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते, तेव्हा हिवाळ्यात जा. स्थानिक वाटाड्या घ्याच, नाहीतर तुम्हाला फक्त हिरवं दिसेल. देवराईत आवाज कमी ठेवा आणि येताना बी, शेंग, काटकी काही उचलू नका. सांगलीकरांनी सागरेश्वरही बघावं, अभिमानानं बघावं; मनावर घेतलं तर असली आणखी दहा सागरेश्वरं आपण उभी करू शकू. घाटाईसारखी एक राई मात्र तोडली गेली, तर कितीही रोपं लावून ती आपल्या नातवंडांनाही परत मिळायची नाही.