माहुलीचे पाषाणी वऱ्हाड

भिवंडीहून पडघामार्गे नाशिककडे निघालेल्या व्यापाऱ्याचे लक्ष बहुधा मालाच्या गाड्यांकडे आणि घड्याळाकडे असते. आसनगाव जवळ आले की डावीकडे आकाशात काळे सुळके उभे राहतात आणि गाडीतील मुले विचारतात, "ते काय आहे?" तो माहुलीचा किल्ला. नवरा, नवरी, भटजी आणि करवली अशी नावे देऊन लोकांनी त्या सुळक्यांचे वऱ्हाडच करून टाकले आहे.

हे वऱ्हाड निसर्गाने घडविले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. निवताना तो आकसला व त्यात उभ्या भेगा पडल्या. भेगांत पावसाचे पाणी मुरत गेले, कच्चा भाग ढासळला आणि टणक तेवढा सुळका होऊन उरला. पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या या थरांना भूशास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थच जिना.

माहुली गावातून निघालेली वाट तानसा अभयारण्याच्या रानातून चढते. माथा गाठण्यास साधारण तीन तास लागतात. शेवटी लोखंडी शिडी आहे. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे गडाचे तीन भाग. १६३६ मध्ये शहाजीराजांनी येथेच मोगल व आदिलशाही फौजांशी अखेरची झुंज दिली आणि निजामशाहीचा शेवट झाला. माथ्यावरून तानसा जलाशय दिसतो. दक्षिणेच्या भंडारगडाकडे गेल्यास सुळके समोर येतात. ते दुरूनच पाहावेत. त्यांवर चढणे प्रशिक्षित गिर्यारोहकांचे काम.

पावसाळ्यात हा दगड शेवाळाने निसरडा होतो. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, तेव्हा वाटही कोरडी झालेली असते. पहाटे निघावे, उकळलेले पाणी आणि कोरडा फराळ बरोबर घ्यावा. म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे भोजन घरी सहज साधते. नेलेली प्रत्येक पिशवी मात्र परत आणावी.

परतताना भिवंडीजवळ खडीच्या खाणी दिसतात. तेथे फुटणारा दगड माहुलीच्याच जातीचा. गोदामाची फरशी, कारखान्याचा पाया, घरासमोरचा रस्ता या खडीवरच उभा आहे. बांधकाम थांबणार नाही, हे व्यापारी घरांना सांगावयास नको. पण निसर्गाच्या खातेवहीत या दगडाची जमा कोट्यवधी वर्षांपूर्वीच बंद झाली. आता तेथे केवळ खर्च लिहिला जातो. मुद्दल किती मोलाचे, हे पुढच्या पिढीला कळावे, म्हणून तरी वर्षातून एकदा मुलांना घेऊन माहुलीला जावे.