बदली झालेल्याची टिपणी

कचेरीतल्या एखाद्या कारकुनाची बदली होते, त्याची खुर्ची रिकामी होते. पण फायलीवरची त्याची टिपणी मागे राहते आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याच आधाराने हुकूम निघत राहतात. ही गोष्ट आम्हांला आमच्याच आतड्यांच्या संदर्भात आठवेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

पाटण्यास नेमणूक झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी आम्हांला अल्सरेटिव्ह कोलायटिसने गाठले. मोठ्या आतड्याला आतून दाह होऊन व्रण पडतात, रक्त जाते. वारंवार जागेवरून उठणारा मनुष्य कचेरीत कामचुकार ठरतो, आणि खरे कारण चारचौघांत सांगता येत नाही. मेसालामिनच्या गोळ्यांनी काही महिन्यांत रक्त थांबले. तेव्हा आई फोनवर म्हणाली, "अरे, जन्मभर का गोळ्या खायच्या? घरचं ताक पी." आम्हांला ते पटले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या मेचनिकॉफनेही आंबट दुधाची महती गाइली होती ना! त्यांचे पारितोषिक रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल होते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो. कोणास न सांगता गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत रक्त पुन्हा सुरू झाले. त्या रात्री पत्नी काही बोलली नाही. रिकामी डबी तेवढी समोर ठेवली.

डॉक्टर रागावले नाहीत. ताकावरची आमची श्रद्धा पाहून त्यांनी एक नवल सांगितले. या दुखण्याचे भावंड म्हणजे क्रोन्सचा विकार. त्या रोग्यांच्या आतड्यांत फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झाय नावाचा एक उपकारक जंतू कमी आढळतो. २००८ साली फ्रेंच संशोधकांनी हा जंतू ज्या द्रवात वाढवला, त्यातून जंतू काढून टाकले आणि नुसता द्रव उंदरांना पाजला. तरीही त्यांच्या आतड्यांचा दाह कमी झाला. जंतू गेला, त्याचे काम मागे राहिले! मृत जंतू किंवा त्यांचे अंश यांपासून केलेल्या आणि प्रकृतीस हितकर ठरणाऱ्या अशा पदार्थांना पोस्टबायोटिक म्हणावे, असे २०२१ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरवले. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रोग्याच्या रक्तात जिवंत जंतू शिरण्याचे भय असते. मेलेल्यांच्या बाबतीत ते उरत नाही.

आम्ही मोठ्या आशेने विचारले, "मग गोळ्या सुटतील?" डॉक्टर हसले. यातले पुष्कळसे काम उंदरांवर आणि प्रयोगशाळेत झालेले आहे. आमच्या गोळीची जागा घेईल असे औषध त्यातून अद्याप सिद्ध झालेले नाही.

आता आई फोनवर विचारते, "ताक पितोस ना?" आम्ही म्हणतो, "पितो. पण गोळी घेऊन." टिपणी कितीही उत्तम असली, तरी वरची मंजुरी येईपर्यंत जुनाच हुकूम अमलात राहतो, एवढे तरी कारकुनाला कळावयास हवे होते.