नाशिक रस्त्यावरचा रेडिओ

वाचकहो, पिंपरीच्या मंडईत माल उतरवून रिकामा टेम्पो गावाकडे निघाला, की ड्रायव्हर काय करतो? घोटभर पाणी पितो, गियर टाकतो आणि रेडिओचे बटण फिरवतो. कांद्याच्या गोण्या नाही तर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन तुम्हीही कधी ना कधी या वाटेने आला असाल. आज पुन्हा एकदा त्या ड्रायव्हरशेजारी बसा. डोळे रस्त्याकडे असू द्या, पण कान मात्र रेडिओकडे ठेवा. कासारवाडीच्या नाशिक फाट्यापासून थेट नाशिकपर्यंत आपल्याला जायचे आहे.

फाटा सुटला की भोसरी येते, मग मोशी, इंद्रायणीचा पूल आणि पुढे चाकण. या पट्ट्यात एके काळी ज्वारी-बाजरीची रानेच राने होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला. मागोमाग टेल्को आणि बजाज आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. चाकणचे नाव आपल्याला इतिहासातून ठाऊक. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथला भुईकोट शाइस्ताखानाविरुद्ध दीड महिन्याहून अधिक काळ लढवला. कांदा-बटाट्याचा बाजार म्हणूनही चाकण आपल्या ओळखीचे. आता तिथे मोटारींचे कारखाने ओळीने उभे आहेत. बीड, लातूर, विदर्भापासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची तरुण पोरे तिथे पाळीपाळीने राबतात. कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या टपरीवर, खोलीतल्या मोबाइलवर या पोरांना सोबत असते ती गाण्यांची.

भोसरीच्या चौकात गाडी अडकली, की ड्रायव्हर बटणाशी खेळू लागतो. ९१.१ वर रेडिओ सिटी, थोडे पुढे ९३.५ वर रेड एफएम, ९८.३ वर मिर्ची आणि १०१ वर आकाशवाणीची विविध भारती. शिवाराला बांध लागून असावा तशी ही केंद्रे एकमेकांना लागून आहेत. एकावर जाहिरात सुरू झाली की ड्रायव्हर दुसरीकडे जातो, तिथेही जाहिरात लागली की तिसरीकडे. पण नीट ऐका. खासगी केंद्रांचे निवेदक निरनिराळे, हसण्याची तऱ्हा निराळी, गाणी मात्र बहुतेक तीच, नव्या हिंदी चित्रपटांची. एका पेठेत दहा दुकाने आणि दहाही दुकानांत एकच माल, तसा हा प्रकार वाटतो.

असे का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. सरकारने १९९९ साली खासगी एफएम केंद्रांना वाट मोकळी केली. परवाने शहरागणिक लिलावाने दिले गेले. पहिल्या फेरीत बोली भरमसाट लागल्या आणि परवान्याची रक्कम दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होती. पुष्कळांचे कंबरडे मोडले. मग २००५ साली धोरण बदलले. सुरुवातीचा लिलाव राहिला, पण पुढे दरसाल मुख्यतः उत्पन्नाच्या ४ टक्के हिस्सा द्यायचा, असे ठरले. त्यानंतर पुण्यासारख्या शहरात केंद्रे वाढली आणि चुरस सुरू झाली. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. ऐकणाऱ्याकडून त्यांना छदामही मिळत नाही. सगळी कमाई जाहिरातीची. जाहिरात देणारा असतो फ्लॅट विकणारा, सोने विकणारा, मोटारी विकणारा. त्याला हवे असते शहरातले गिऱ्हाईक. म्हणून चार केंद्रे असली तरी चौघांचाही डोळा एकाच खिशावर असतो. चाकणच्या बाजारात कांदा काय भावाने गेला, हे त्यांच्या दृष्टीने गाणेही नाही आणि जाहिरातही नाही.

मग चुरस वाईट, असे म्हणायचे का? तसे म्हणता येणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना सिलोन आठवेल. १९५२ च्या सुमारास केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकायला गावचा पार भरू लागला. शेवटी आकाशवाणीला शहाणपण सुचले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवरून तिच्यावर जाहिरातीही वाजू लागल्या. ऐकणाऱ्याने काटा फिरवला म्हणून सरकार हलले, हे चुरशीचेच देणे. पण त्या वेळी काटा फिरवणाऱ्यांत गावही होते. आजच्या चुरशीत गावाचा काटा कोण मोजतो?

याचे उत्तर रस्ताच देतो. चाकण मागे पडले, राजगुरुनगर आले, भीमा ओलांडली आणि खेड घाटाकडे गाडी लागली, की गाण्यात खरखर शिरू लागते. एफएमच्या लहरी नजरेसारख्या असतात. सरळ जातात, डोंगर आड आला की अडतात. मनोरा जितका उंच, तितकी त्यांची धाव लांब. आकाशवाणीच्या मध्यम लहरींचे तसे नाही. त्या जमिनीला धरून, टेकड्या ओलांडून दूर जातात. म्हणूनच १९५३ साली सुरू झालेल्या पुणे केंद्राचा आवाज आपल्या वाडीवस्तीपर्यंत पोचला. गंमत अशी, की आजच्या मोबाइलमध्ये मध्यम लहरी पकडण्याची सोयच नसते. ज्यात एफएम असते त्यालाही बहुधा कानाची वायर जोडावी लागते, कारण ती वायरच त्याची एरियल होते.

मंचर गेले, नारायणगाव आले. इथून आत खोडदला एक नवल आहे, सवड असेल तर पोरांना घेऊन जरूर जा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अजस्र तबकड्या या भागात उभ्या केल्या आहेत. ग्रहताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. शहरी लहरींचा गोंगाट इथे कमी, हेही ही जागा निवडण्याचे एक कारण. आपल्या ड्रायव्हरचे गाणे जिथे विरते, ती शांतता शास्त्रज्ञांना सोन्याच्या मोलाची वाटली.

पण गाण्याच्या बाबतीत नारायणगाव मुके नाही. ही विठाबाईंची भूमी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. एकाला लागून एक फड, म्हणजे चुरस इथेही आहे. मात्र इथला रिवाज पाहा. गावोगावचे पंच यात्रेची तारीख घेऊन येतात, राहुटीत बसतात, चहा घेतात, गण-गौळण कशी, वग कोणता, बाया-पुरुष किती, हे विचारतात, घासाघीस करतात आणि मगच सुपारी देतात. पैसा गावचा, म्हणून पसंतीही गावची. फडमालकाला गावाची आवड ओळखावीच लागते. शहरातले रेडिओ केंद्र आणि नारायणगावची राहुटी यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आळेफाटा, बोटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर असे करत आपण सिन्नरच्या दिशेने येतो. ड्रायव्हरने काटा ९८.३ वरच ठेवला आहे, बराच वेळ नुसती खरखर आहे. आणि बघता बघता त्याच आकड्यावर पुन्हा गाणे उमटते. ड्रायव्हर म्हणतो, "पुणं परत लागलं की हो!" पण ते पुणे नव्हे, नाशिक आहे. नाव तेच, आकडा तोच, केंद्र मात्र वेगळे. दोन शहरे एकमेकांपासून पुरेशी दूर असली, की एकच आकडा दोन्हीकडे वापरता येतो. एफएमचा स्वभाव असा, की एका आकड्यावर दोन आवाज आले तर संच त्यातला जोरकस तेवढा धरतो आणि दुबळा सोडून देतो. बळी तो कान पिळी, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. पुण्याच्या बाजारपेठेची हद्द एकीकडे संपते, नाशिकच्या बाजारपेठेची दुसरीकडे सुरू होते. मधला जो खरखरीचा पट्टा आहे, तिथे आपण राहतो.

पण वाचकहो, याच पट्ट्याने एकदा साऱ्या देशाला धडा घालून दिला होता. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. गावोगाव मंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा शेतकरी मंडळी रेडिओभोवती जमत. आधी कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसात बोलायचे, शंका लिहून पुण्याला धाडायच्या आणि उत्तरे पुन्हा रेडिओवर ऐकायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने नंतर पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशा गावांत तितका फरक पडला नाही. पेटी तीच आणि कार्यक्रमही तोच. फरक पडला तो गावाने उलट बोलण्याने. १९५९ पासून ही मंडळे देशभर काढली गेली.

ती वाट अजून बुजलेली नाही. २००६ च्या धोरणाने कृषी विज्ञान केंद्रे, कृषी विद्यापीठे, शिक्षणसंस्था आणि नोंदणी झालेल्या सेवाभावी संस्था यांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला तो मिळत नाही. त्याची ताकद लहान, आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच जातो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक असावे लागतात. बारामतीला वसुंधरा वाहिनी निघाली आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनीही निघाली, म्हणजे एकाच तालुक्याच्या गावी दोन. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग निघाला, तिथे गावच्या बायाबापड्या माइकपुढे बसून बोलल्या, गायल्या. जात्यावरची ओवी, पाण्याची पाळी, जनावराचा आजार, बचतगटाचा हिशेब, हे शहरातले कोणते केंद्र ऐकवील?

तेव्हा पुढच्या वेळी टेम्पोतून परतताना खरखर लागली, तर ड्रायव्हरला रेडिओ बंद करायला सांगू नका. आपल्या भागात कृषी विज्ञान केंद्र आहे का, एखादे चांगले चाललेले शिक्षणमंडळ आहे का, याचा विचार करा. ग्रामसभेत विषय काढा. जवळच्या संस्थेच्या चालकांना जाऊन भेटा आणि विचारा, "रेडिओसाठी अर्ज का करीत नाही?" सुनेला गळा असेल, आजीला ओव्या पाठ असतील, पोराला मशीनची समज असेल, तर निम्मे केंद्र तुमच्या घरातच आहे. पुणे आणि नाशिक यांची चुरस त्यांच्या बाजारपेठेपुरती चालू दे. मधला पट्टा आपला आहे आणि तिथे आवाज आपल्यालाच लावावा लागेल.