मुरमाचा रस्ता

पनवेलच्या पूर्वेला माथेरानची डोंगररांग आहे. प्रबळगड, कलावंतीण आणि इर्शाळ हे तिचेच शेजारी. डोंगर, रान आणि जलाशय एकाच सायकलफेरीत गाठायचे असतील, तर या डोंगरांचा पायथा धरून निघावे लागते.

पहिली वाट नेरे, वाजे, मालडुंगे करत धोदाणीला जाते. जवळच गाढी नदी अडवून पनवेल नगरपालिकेने बांधलेले देहरंग धरण आहे. लोक त्याला गाढेश्वर म्हणतात. 1852 साली स्थापन झालेल्या या नगरपालिकेने स्वतःचे धरण बांधावे, ही पनवेलने अभिमान बाळगावा अशीच गोष्ट. मुख्य रस्ता डांबरी असला तरी वाड्यांकडे आणि शेतांकडे फुटणारे फाटे मुरमाचे आहेत. धोदाणीपुढे माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे जाते ती चालणाऱ्यांची पायवाट. त्यामुळे इथे फेरी पूर्ण होत नाही, आल्या वाटेने परतावे लागते.

फेरी पूर्ण होते ती दक्षिणेकडून. पळस्पे, वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण, मग कर्नाळा. हे पक्षी अभयारण्य 1968 सालचे, क्षेत्र जेमतेम 12 चौरस किलोमीटर. कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दूरवरून सायकलस्वाराला दिशा दाखवतो. मात्र अभयारण्यातल्या वाटा पायी हिंडण्यासाठी आहेत, सायकल बाहेर ठेवलेलीच बरी. कर्नाळ्याची खिंड उतरल्यावर महामार्ग सोडून आपट्याकडे वळायचे, पाताळगंगेच्या खोऱ्यातून रसायनीचा औद्योगिक पट्टा पार करून दांडफाट्याला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर यायचे आणि शेडुंगवरून पनवेलला परतायचे. हौस असेल तर दांडफाट्यावरून उलट दिशेने चौकला जाऊन धावरी नदीवरचे मोरबे धरण पाहता येते. नवी मुंबई पाणी पिते ते याच धरणाचे.

मुरूम म्हणजे झिजून भुगा होत चाललेला काळा पाषाणच. पावसाळा सरता सरता तो चांगला दबलेला असतो. चाकाखाली बारीक करकर होते, पण चाक रुतत नाही. मार्चपर्यंत वरचा थर सुटतो, उतारावर खडे गोट्यांसारखे घरंगळतात आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की सायकल आडवी होते. म्हणून टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद हवा आणि त्यात हवा कमी, साधारण चाळीस पौंड. टायर थोडा दबला की खडा त्याच्यात बसतो आणि पकड येते. टणक टायर खड्यावरून उसळतो.

चाकाशी पनवेलचे नाते जुने आहे. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरात उतरू लागला. गाडीची चाके बनवणे हा गावाचा प्रमुख धंदा होता. माल विकून परतणारा शेतकरी चाकांची जोडी घेऊनच जाई, असे जुने गॅझेटियर सांगते. रेल्वेने घाट गाठला आणि गाड्यांची ती वर्दळ ओसरली.

कच्च्या रस्त्याचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. सायकलस्वार मुरमावर सुटीच्या दिवशी येतो. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या लोकांना तो पावसाळ्यातही तुडवावा लागतो, आणि काही वाड्यांना तर तेवढाही रस्ता नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावर दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली. वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. बचावपथकांना भर पावसात, चिखलातून पायी चढावे लागले, यंत्रसामग्री वर नेता आली नाही. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. मुरमाची एखादी वाट डांबरी झाली म्हणून सायकलस्वाराने हळहळू नये. ते डांबर त्या वाडीच्या हक्काचे आहे.

फेरीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. तेव्हा ओढ्यांना पाणी असते आणि साग, ऐन, किंजळ अजून पुरते निष्पर्ण झालेले नसतात. पावसाळ्यात गाढेश्वर परिसरात पर्यटकांना बंदी घातली जाते. ओढा घटकाभरात चढतो आणि त्यात माणसे वाहून गेली आहेत. धरणाच्या पाण्यात तर कोणत्याच ऋतूत उतरू नये. महामार्गाचा टप्पा अवजड वाहने वाढण्याआधी, पहाटेच उरकावा. वाड्यांतून जाताना वेग कमी ठेवावा, कारण तिथे रस्त्यावर भात वाळत घातलेले असते.