हिशेबाची वहीही तुझीच

प्रिय भाची,


वाराणसीच्या मंडळीने पास्टरेट कमिटीसाठी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीसाठी, तुझं नाव सुचवलं आहे आणि ‘मी लहान, त्यात परगावची’ म्हणून तू मागे सरते आहेस, असं ताईकडून कळलं. नकार कळवण्याआधी मावशीचं थोडं ऐक.

तू शिकतेस त्याच शहरात नीळकंठशास्त्री गोरे नावाचा मराठी चित्पावन तरुण मिशनऱ्यांशी वाद घालायला निघाला होता. वाद घालता घालताच तो ख्रिस्ताकडे ओढला गेला आणि मार्च 1848 मध्ये जौनपूरला त्याने बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्याचं वय होतं 23. घर, जात, शास्त्र्याचा मान, सगळं पणाला लावणारा निर्णय त्या वयात त्याने पेलला. पुढे हेच नेहेम्या गोरे. 1860 साली त्यांचं ‘षड्दर्शन दर्पण’ आलं. डीकनची दीक्षा मात्र 1868 मध्ये झाली आणि 1870 मध्ये ते प्रीस्ट झाले. त्या काळी मंडळ्यांचा पैसा, नेमणुका, धोरण यांवर परदेशी मिशनांची पकड होती.

गोऱ्यांच्या लेखनाने पंडिता रमाबाईंना वाट दाखवली. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या रमाबाईंनी पत्रांतून ठामपणे कळवलं, की आपल्या विवेकाचा निर्णय त्या दुसऱ्या कुणावर सोपवणार नाहीत. श्रद्धा अढळ ठेवून अधिकाऱ्यांना प्रश्न विचारता येतात, हा वारसा आपल्याला आपल्याच भाषेच्या बाईने दिला आहे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली आणि आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. तेव्हा परदेशी मिशनांच्या हाती असलेला कारभार आता आपला आहे. पास्टरेट कमिटी, धर्मप्रांताचं कौन्सिल आणि सिनॉड अशा पायऱ्या आहेत. पण या पायऱ्यांवर तरुण किती दिसतात? नाताळचा तारा बांधायला, गायनाला, खुर्च्या मांडायला तरुण संघ हवा असतो. कॅशबुक आणि इतिवृत्त मात्र वर्षानुवर्षं त्याच चार हातांत राहतं. त्या हातांनी मंडळी जपली, हे मी कृतज्ञतेने म्हणते. तरीही पाळकांचं मानधन, धर्मप्रांताला द्यायचा वाटा, कब्रस्तानाची डागडुजी, गरीब घरच्या मुलांची फी हे सगळं तिथेच ठरतं. मंडळी कुणाची काळजी घेते, हे उपदेशाइतकंच खर्चाच्या रकान्यातही दिसतं. म्हणून तो रकाना तू वाचायला हवास.

वयाचं म्हणशील, तर बायबलमधला तीमथ्यही तरुण होता आणि पौलाने त्याच्यावर इफिसच्या मंडळीची जबाबदारी टाकली होती. कॅथलिक चर्चनेही अलीकडे पाऊल उचललं. ऑक्टोबर 2023 च्या रोममधल्या सिनॉडमध्ये बिशपांच्या बरोबरीने काही सामान्य स्त्री-पुरुषांना मताचा अधिकार मिळाला आणि त्यांत तरुणही होते. ऐकून घेणं चांगलंच, पण मत नोंदवलं जाणं त्याहून मोलाचं.

आता कामाचं सांगते. आधी चर्चचं संविधान वाच. मागच्या काही वर्षांची इतिवृत्तं आणि ऑडिट पाहायला माग. कळलं नाही ते बैठकीतच विचार, बाहेर अंगणात नको. आक्षेप असेल तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांग. वयस्क खजिनदारांशेजारी बसून वही कशी लिहितात ते शीक. हिशेब विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे, हे त्यांना तुझ्या वागण्यातून कळू दे. आणि शिक्षण संपलं की जाणार आहेस, तर पहिल्या दिवसापासून तिथल्याच एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत घे, म्हणजे तुझ्यामागे ते काम थांबणार नाही.

हे पत्र तिथल्या वडीलधाऱ्यांनाही दाखव. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: तरुणांची एक जागा भरली एवढ्यावर थांबू नका. त्यांच्या हाती खरं काम द्या, चुकले तर सावरा आणि त्यांचं मत पटलं तर आपलं बदला.

तू होकार कळव. पहिल्या बैठकीची विषयपत्रिका आली की मला फोन कर, आपण मिळून वाचू.

देव तुला शहाणपण आणि धैर्य देवो.

तुझी,
मावशी